पहिली डिस्क गेली, तेव्हा कोणाला कळलं?

सर्व्हरमधली एक डिस्क गेली, पण सर्व्हर चालूच राहिला म्हणून कोणाच्या लक्षात आलं नाही. काही महिन्यांनी दुसरी गेली, तेव्हा मात्र सगळ्या इमारतीला कळलं. सर्व्हरच्या देखभालीत असलेल्या कोणालाही विचारा, ही हकिकत त्यानं पाहिलेली तरी असते नाहीतर ऐकलेली तरी. यात मला सगळ्यात जास्त टोचतं ते असं, की त्या मालकानं हयगय केलेली नसते. जादा पैसे मोजून त्यानं जादा डिस्क घातलेली असते.

तालुक्याच्या गावातलं पन्नास खाटांचं एखादं रुग्णालय घ्या. एक्स-रे आणि सीटी स्कॅनच्या प्रतिमा, दाखल रुग्णांचे कागद, औषधांच्या दुकानाचं बिलिंग, सगळं एकाच सर्व्हरवर. भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या नियमांनुसार दाखल रुग्णाच्या नोंदी उपचार सुरू झाल्यापासून ३ वर्षं जपाव्या लागतात, आणि रुग्णानं मागितल्या तर ७२ तासांत द्याव्या लागतात. म्हणजे हा सर्व्हर बसला तर दिवसभराचं काम अडतं एवढ्यावर भागत नाही. आता तिथं नवा सर्व्हर घ्यायचा आहे, त्यात ८ टीबीच्या चार डिस्क. तो कसा बसवायचा, यावर दोघांचं पटत नाही. अण्णा कोल्हापूर-सांगली पट्ट्यात सर्व्हर बसवून देतात आणि त्यांच्या वार्षिक देखभालीचा करार, म्हणजे एएमसी, घेतात. ताई पुण्यात बसून अनेक ठिकाणच्या सर्व्हरांवर दुरून लक्ष ठेवतात. हे दोघं कोणी ठरावीक व्यक्ती नाहीत. या धंद्यात रोज समोरासमोर येणारी दोन मतं मी त्यांच्या तोंडी घातली आहेत. माझा कल कुणाकडं आहे ते वाचताना कळेलच, मी तो लपवणार नाही.

अण्णा : ताई, थोडक्यात सांगतो. रात्री अकरानंतर त्या दवाखान्यात संगणकातलं कळणारं कोणी नसतं. रिसेप्शनला एक मुलगी, दोन सिस्टर, एक वॉर्डबॉय. तिथं माणसाच्या भरवशावर काही ठेवू नये. यंत्रच असं बसवावं की डिस्क गेली तरी कोणाला उठवायला नको. पैसे घालायचे ते डिस्कमध्ये घाला. तुमचे आलेख न् ईमेल वाचायला तिथं बसलंय कोण?

ताई : जादा डिस्क हवीच, त्यावर आपलं भांडण नाही. पण ती आपल्याला काय देते ते आधी ठरवू. डिस्क जाणार नाही, असं ती म्हणत नाही. पहिली गेल्यापासून दुसरी जाईपर्यंतचा काळ ती आपल्या हातात देते. त्या काळात कोणी डिस्क बदलली तर पैसे वसूल. नाही बदलली तर संकट थोडं पुढं ढकललं, एवढंच.

अण्णा : गाडीत स्टेपनी असते, म्हणून कोणी रोज चारी टायर तपासत बसत नाही हो.

ताई : पंक्चर झालं की गाडी ओढते, अण्णा. चालवणाऱ्याला उतरावं लागतं, हात काळे करावे लागतात, म्हणून तर तो दुसऱ्या दिवशी पंक्चर काढून घेतो. इथं चाक चालत्या गाडीत बदललं जातं आणि चालवणाऱ्याला हिसकाही बसत नाही. आता गाडी स्टेपनीवर चाललीय, हे त्याला कळणार कसं?

ताईंच्या या मुद्द्याला जुना आणि भक्कम आधार आहे. १९८८ साली बर्कलीच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या डेव्हिड पॅटरसन, गार्थ गिब्सन आणि रँडी कॅट्झ यांनी रेडची कल्पना मांडणारा शोधनिबंध प्रसिद्ध केला. एका महागड्या मोठ्या डिस्कऐवजी स्वस्तातल्या पुष्कळ छोट्या डिस्क एकत्र जुंपाव्यात, असा त्यांचा विचार. त्यातला धोकाही त्यांनी लगेच मांडला. एक डिस्क सरासरी ३०,००० तास टिकत असेल, तर अशा १०० डिस्कांच्या ताफ्यात दर ३०० तासांनी, म्हणजे दोन आठवड्यांच्या आत, एखादी जाणार. म्हणून जादा डिस्क. आणि जादा डिस्क धरून ताफा किती काळ तग धरेल याचं जे सूत्र त्यांनी दिलं, त्यात भाजकाच्या जागी एक राशी आहे : बिघडलेली डिस्क बदलून सगळं पूर्ववत व्हायला लागणारा सरासरी वेळ. डिस्क एका दिवसात बदलली तर एक उत्तर येतं. ३०० दिवस कोणाला कळलंच नाही, तर तेच उत्तर ३०० पटींनी घटतं. लक्ष ठेवणं रेडच्या गणितात पहिल्या दिवसापासून धरलेलं आहे. कोटेशनमध्ये मात्र डिस्कांची ओळ येते आणि या वेळेची येत नाही.

अण्णा : गणित मान्य. आता माझी मांडणी ऐका. तीन डिस्कवर रेड ५ आणि चौथी हॉट स्पेअर. एक गेली की रेड कार्ड स्वतःहून स्पेअर जुंपतं आणि रीबिल्ड सुरू करतं. ज्या दुरुस्तीच्या वेळेची तुम्ही काळजी करताय, ती माणसाविना काही तासांवर आली की नाही?

ताई : आली. पण ते काही तास कसले असतात ते बघा. रेड ५ मध्ये माहितीसोबत पॅरिटी लिहिलेली असते. पहिल्या डिस्कवर १ आहे, दुसरीवर ०, तर बेरीज सम करायला तिसरीवर १ लिहायचा. दुसरी गेली तरी उरलेल्या दोन एकांवरून गेलेला अंक शून्य होता हे काढता येतं. फक्त ते काढायला उरलेल्या दोन्ही डिस्क पहिल्या कणापासून शेवटच्या कणापर्यंत वाचाव्या लागतात. ८ टीबीची डिस्क सेकंदाला २०० एमबीनं लिहिली, तरी ११ तास. त्यात दवाखाना चालू, सीटीच्या प्रतिमा येतायत, म्हणजे दिवसभर धरा. तेवढा वेळ एकही जादा डिस्क हाताशी नाही, आणि नेमकं त्याच वेळी उरलेल्या डिस्कांकडून वर्षातलं सगळ्यात जड काम करून घ्यायचं.

अण्णा : मी असे रीबिल्ड पुष्कळ केलेत. होतात ते.

ताई : होतात. पण साध्या डिस्कच्या पत्रकावर काय लिहिलेलं असतं? १ वर १४ शून्यं, इतके बिट वाचताना न सुधारता येणारी चूक एकापेक्षा कमी. म्हणजे साधारण १२.५ टीबी. तुमच्या रीबिल्डला १६ टीबी वाचायचेत.

अण्णा : ‘एकापेक्षा कमी’ म्हणजे ती वरची मर्यादा झाली. प्रत्यक्षात डिस्क त्याहून कितीतरी बरी चालते, नाहीतर आमचे सगळे रीबिल्ड पडले असते. आणि सर्व्हरच्या डिस्कला तीच मर्यादा दहापट बरी असते. मी दवाखान्याला साधी डिस्क लावत नाही.

ताई : हे बरोबर आहे, मी ती मर्यादा भाकीत म्हणून वापरायला नको होती. पण मग निर्णय सोपाच होतो. तुमच्या मांडणीत चार डिस्कमधून १६ टीबी मिळतात. रेड ६ लावलं तरी १६ टीबीच मिळतात. फरक इतकाच, की चौथी डिस्क रिकामी फिरत बसण्याऐवजी पहिल्या दिवसापासून दुसरी पॅरिटी सांभाळते. एक गेली तरी अजून एक जायची मुभा उरते. रीबिल्डच्या मध्यावर एखादी जागा वाचता आली नाही, तर ती दुसऱ्या पॅरिटीवरून काढता येते.

अण्णा : पण लिहिताना? एक बारीक नोंद बदलायची तर रेड ६ ला डिस्कांपर्यंत सहा खेपा घालाव्या लागतात. तीन वाचायच्या, तीन लिहायच्या. मिररला, म्हणजे दोन डिस्कवर तीच माहिती ठेवली तर, दोनच. सकाळी ओपीडीच्या वेळी बिलिंग रांगायला लागलं, की फोन मला येतो.

ताई : बिलिंग तिथं ठेवायचंच नाही. दोन छोट्या एसएसडींचा मिरर करू, त्यावर बिलिंगचा डेटाबेस. मोठ्या प्रतिमा रेड ६ वर. प्रतिमा एकदा लिहिली की सहसा बदलत नाही.

इथं अण्णा मान्य करतात. ताईंच्या प्रत्येक म्हणण्याला ते मान डोलावत नाहीत, पण ही वाटणी त्यांनी स्वतःही अनेकदा केलेली आहे. मग एसएसडी कोणत्या घ्यायच्या, यावर मात्र ताईंना अण्णांचं ऐकावं लागतं.

अण्णा : मिररच्या दोन एसएसडी मी कधी एका खोक्यातल्या घेत नाही. दोन कंपन्यांच्या, निदान दोन वेगवेगळ्या लॉटच्या. ग्राहक म्हणतो, एकसारख्या द्या, दिसायला बरं. मी ऐकत नाही.

या सवयीमागचं कारण २०१९ साली जगजाहीर झालं. त्या नोव्हेंबरात हेवलेट पॅकार्ड एंटरप्राइझनं ग्राहकांना कळवलं, की त्यांच्या काही एसएएस एसएसडी फर्मवेअरमधल्या दोषामुळं बरोबर ३२,७६८ तास चालून बंद पडतील. म्हणजे ३ वर्षं, २७० दिवस, ८ तास. त्यानंतर ना डिस्क परत येणार, ना तिच्यावरची माहिती. एकाच सर्व्हरमध्ये एकाच दिवशी सुरू केलेल्या अशा चार एसएसडी असतील, तर चौघींचं घड्याळ एकाच तासाला तिथं पोचणार. रेड ६ नाही, हॉट स्पेअर नाही, तिथं काहीच कामाला येत नाही, कारण जादा डिस्कचं सगळं गणित डिस्क एकमेकींशी संबंध नसताना जातात असं धरून बसलेलं आहे. पुढच्या वर्षी मार्चमध्ये तशाच स्वरूपाचा, ४०,००० तासांचा दुसरा दोष कंपनीनं जाहीर केला. दोन्ही वेळा नवं फर्मवेअर चढवलं की काम भागत होतं. फक्त ते चढवायचं आहे, हे कुणीतरी वाचायला हवं होतं आणि आपल्या डिस्कचे किती तास भरलेत हे कुणाला तरी ठाऊक असायला हवं होतं. तो आकडा डिस्क स्वतःजवळ ठेवते, विचारलं की सांगते.

अण्णा : आता तुम्ही स्मार्टवर याल, मला ठाऊक आहे. डिस्क स्वतःची तब्येत सांगते म्हणे. गूगलनं २००७ साली लाखाच्या वर डिस्कांचा अभ्यास छापला होता. गेलेल्या डिस्कांपैकी ५६ टक्क्यांहून जास्त डिस्कांवर चार मुख्य खुणांपैकी एकही दिसलेली नव्हती. म्हणजे अर्ध्याहून अधिक डिस्क न सांगता जातात. मग त्या आकड्यांकडं बघत बसून मिळवायचं काय?

ताई : त्याच अभ्यासात दुसरा आकडा आहे. स्कॅन करताना एक चूक जरी सापडली, तर पुढच्या ६० दिवसांत ती डिस्क जाण्याची शक्यता अशी चूक न सापडलेल्या डिस्कच्या ३९ पट होती. न सांगता जाणाऱ्या डिस्कांसाठी रेड आहे. सांगून जाणाऱ्यांसाठी कान हवा. दोन्ही एकमेकांच्या जागी चालत नाहीत.

अण्णा : आकडे तरी किती! एकेका डिस्कचे वीस-पंचवीस. वाचून डोकं फिरतं.

ताई : मी मोजकेच बघते. पाचवा, किती जागा निकामी ठरवून राखीव जागेवर हलवल्या. १८७, किती चुका सुधारता आल्या नाहीत. १९७, किती जागा संशयित म्हणून ताटकळत आहेत. १९८, स्वतःच्या तपासणीत किती जागा वाचताच आल्या नाहीत. हे आकडे शून्य असावेत. शून्य नसले तर वाढतायत का, ते बघायचं. आज ८ आणि पुढच्या महिन्यात ८ असेल तर मी थांबते. ८ चे ४० झाले तर डिस्क मागवते, ती मेलेली नसली तरी.

अण्णा : आणि १९९ वाढला तर?

ताई : तर डिस्कला हात लावायचा नाही. केबल.

अण्णा : हां! चांगल्या डिस्क बदलून दिलेल्या बघितल्यात मी, आणि नव्या डिस्कवर तोच आकडा पुन्हा चढायला लागतो. सत्तर रुपयांची केबल असते.

डिस्क ताफ्यातून बाहेर फेकली गेली म्हणजे ती मेलीच, असं नसतं. टेबलावरच्या संगणकासाठी केलेली साधी डिस्क एखादी जागा वाचता आली नाही, की हट्टानं पुन्हा पुन्हा प्रयत्न करते, कधीकधी मिनिटभराहून जास्त. एकट्या संगणकात हा गुण आहे, कारण माहितीची दुसरी प्रत कुठं नसते. लिनक्स मात्र ३० सेकंद वाट पाहतो, मग जोडणी नव्यानं सुरू करायला लागतो, आणि त्या गडबडीत धडधाकट डिस्क निकामी ठरून बाहेर पडते. सर्व्हरसाठी किंवा नॅससाठी केलेली डिस्क सात सेकंदांत हात टेकते आणि म्हणते, मला जमलं नाही, पॅरिटीवरून काढा. काही साध्या डिस्कांनाही तसं शिकवता येतं, पण बऱ्याचदा वीज गेली की त्या ते विसरतात, म्हणून प्रत्येक वेळी सर्व्हर सुरू होताना पुन्हा सांगावं लागतं. स्वस्त डिस्क घालून रेड केलं आणि दर दोन महिन्यांनी डिस्क ‘जाते’ अशी तक्रार असेल, तर आधी इथं बघावं. हे कोणतंही कोटेशन सांगत नाही आणि ग्राहकाचे हजारो रुपये यात जातात, म्हणून मी इथं जरा रेंगाळलो.

आता मूळ भांडणाकडं.

अण्णा : समजा आकडे वाढले. समजा डिस्क गेलीच. तुमचा ईमेल येणार. कुठं? सर्व्हरवरच्याच रूट नावाच्या खात्यात. तिथं हजार पत्रं न वाचता पडलेली असतात. कार्डावरचा बझर वाजला, तर सिस्टर म्हणते रुग्णांना त्रास होतो, आणि कुणीतरी तो कायमचा बंद करून जातं. म्हणून मी म्हणतो, माणसावर विसंबू नका.

हा अण्णांचा सगळ्यात जोरदार मुद्दा आहे, आणि त्याला २०१७ चं मोठं उदाहरण आहे. ३१ जानेवारीला गिटलॅब या कंपनीत दमलेल्या एका अभियंत्यानं चुकीच्या सर्व्हरवर आज्ञा दिली आणि मुख्य डेटाबेसची सुमारे ३०० जीबी माहिती पुसली गेली. बॅकअप शोधायला गेले, तर रोज घेतला जातोय असं वाटत होतं तो बॅकअप बऱ्याच काळापासून होतच नव्हता. डेटाबेसची आवृत्ती आणि बॅकअप घेणाऱ्या साधनाची आवृत्ती जुळत नव्हती. बॅकअप फसल्याची ईमेल यंत्रणा इमानदारीनं पाठवत होती, पण त्या पत्रांवर आवश्यक ती सही नसल्यानं पलीकडचा मेलसर्व्हर ती नाकारत होता. शेवटी योगायोगानं सहा तास आधी घेतलेली एक प्रत सापडली म्हणून कंपनी सावरली. मधल्या सहा तासांतली माहिती गेली. कंपनीनं हे सगळं स्वतःच सविस्तर प्रसिद्ध केलं, याबद्दल मला तिचा आदर वाटतो. ज्या ठिकाणी जाणकार माणसांची वाण नव्हती तिथं हे झालं, तर तालुक्याच्या दवाखान्याचं काय?

ताई : म्हणून तर मी पत्र ‘गेलं’ यावर थांबत नाही, ‘पोचलं’ हे बघते. लिनक्समध्ये रेड सांभाळणाऱ्या एमडीएडीएमला चाचणीचं पत्र पाठवायला सांगता येतं, स्मार्टचे आकडे बघणाऱ्या स्मार्टडीलाही. सर्व्हर बसवला त्या दिवशी ते पाठवायचं आणि ज्याच्या मोबाइलवर यायला हवं, त्याच्या मोबाइलवर ते डोळ्यांनी बघायचं. त्यानंतर सर्व्हरनं रोज सकाळी एक ओळ पाठवायची : सगळं ठीक. ती ओळ माणसानं वाचायची गरज नाही. माझ्याकडचं यंत्र ती मोजतं. एक दिवस ती आली नाही, तर तोच अलर्ट. सर्व्हर मुका झाला, इंटरनेट गेलं, मेल नाकारलं गेलं, सगळं त्यात आलं.

अण्णा : आणि दिवसाला चाळीस अलर्ट आले, की चौथ्या दिवशी माणूस मोबाइल म्यूट करतो.

ताई : यात तुमचंच बरोबर आहे. मी पूर्वी तापमान चार अंश चढलं तरी निरोप पाठवायची. आता ठरवलंय, ज्या निरोपावर कुणी काहीच करणार नाही तो पाठवायचाच नाही. डिस्क ताफ्यातून पडली, ते मोजके आकडे वाढले, एक पॉवर सप्लाय गेला, पंखा थांबला, मेमरीच्या चुका एकाच पट्टीवर साचायला लागल्या, खोलीचा एसी बंद पडून तापमान भलतंच चढलं. बस.

पॉवर सप्लायचं नाव ताईंनी घेतलं ते बरं झालं, कारण डिस्कची कहाणी सर्व्हरमध्ये इतरत्रही तशीच घडते. दोन पॉवर सप्लाय असतात, एक जळला तरी सर्व्हर चालतो, आणि दुसऱ्याच्या जिवावर वर्ष निघतं. ईसीसी मेमरी एका बिटाची चूक स्वतः सुधारते आणि गप्प बसते. रेड कार्डावरची बॅटरी दमली, की बहुतेक कार्डं लिहिण्याची जलद पद्धत बंद करून सावध पद्धतीवर जातात; माहिती सुरक्षित राहते, सर्व्हर मात्र एकाएकी मंद होतो, आणि दवाखान्यातले लोक महिनाभर सॉफ्टवेअरवाल्याशी भांडत राहतात. यांतली प्रत्येक गोष्ट सर्व्हर स्वतःच्या नोंदवहीत लिहून ठेवतो. मदरबोर्डवर एक छोटा स्वतंत्र संगणक असतो, तो मुख्य सर्व्हर बंद असतानाही पंखे, तापमान, वीज यांच्याकडं बघत असतो. आयपीएमआयनं त्याला विचारलं, की तारीख-वेळेसकट यादी मिळते. बिघडलेल्या सर्व्हरची ही यादी उघडली, तर बिघाडाची पहिली ओळ बहुधा कित्येक आठवडे जुनी निघते.

रेड कार्डानं करायचं की एमडीनं, म्हणजे लिनक्समधल्या सॉफ्टवेअरनं, यावर दोघांचं शेवटपर्यंत जुळलं नाही. अण्णांचं म्हणणं, कार्ड असलं की गेलेल्या डिस्कवर लाल दिवा लागतो, वॉर्डबॉयलाही फोनवरून सांगून डिस्क बदलून घेता येते. ताईंचं म्हणणं, कार्ड जळलं तर तसंच कार्ड शोधत फिरावं लागतं, आणि एमडीच्या डिस्क कुठल्याही लिनक्स यंत्रात घातल्या की उघडतात. शिवाय स्थिती बघायला एक फाइल वाचली की पुरे : मिररच्या दोन्ही डिस्क धड असतील तर चौकोनी कंसात दोन यू दिसतात, एक गेली की तिच्या जागी नुसती खालची रेघ. लहान ठिकाणी मी एमडीच निवडेन. पण अण्णांचा लाल दिवा मी हसण्यावारी नेणार नाही, कारण दिवा नसला तर पुढचा घोटाळा हमखास होतो.

अण्णा : चुकीची डिस्क ओढली, तर?

ताई : त्यासाठी सर्व्हर बसवतानाच प्रत्येक डिस्कच्या ट्रेवर पुढून सिरियल नंबरचे शेवटचे चार आकडे चिकटवायचे. निरोपातही तेच चार आकडे यायला हवेत. ‘एसडीबी गेली’ म्हणून काही कळत नाही, सर्व्हर पुन्हा सुरू झाला की ती नावं बदलू शकतात. फोनवर विचारायचं, ट्रेवरचा आकडा वाच. जुळला तरच ओढ.

अण्णा : हे मी करतो. पेनानं नाही, छापील. धुळीनं पेनाचं पुसतं.

ताई : आणि महिन्यातून एकदा सगळी डिस्क वाचून काढायची, पॅरिटी जुळते का बघायची. डेबियनमध्ये ते पहिल्या रविवारी आपोआप होतं. वर्षभर कोणी न उघडलेल्या सीटीखालची जागा खराब झाली असेल, तर ती रीबिल्डच्या दिवशी सापडण्यापेक्षा साध्या रविवारी सापडलेली बरी.

अण्णा : त्या रविवारी सर्व्हर जड चालतो, हे डॉक्टरांना आधी सांगून ठेवा. नाहीतर ते बंद करायला लावतील आणि मी बंद करीनही.

बॅकअपबद्दल दोघांत वाद नाही, म्हणून मीही लांबवत नाही. चुकून पुसलेली फाइल रेड चारही डिस्कवरून तितक्याच तत्परतेनं पुसतं, खंडणीखोर व्हायरसनं कुलूपबंद केलेली फाइल चारही डिस्कवर कुलूपबंद होते, आणि खोलीला आग लागली तर चारही डिस्क त्याच खोलीत असतात. दुसरी प्रत दुसऱ्या इमारतीत, आणि वर्षातून काही वेळा ती उघडून बघायची. नोंदी ७२ तासांत द्यायच्या असतील, तर त्या किती तासांत परत आणता येतात, हेही त्याच वेळी मोजून होतं.

अण्णा : सगळं ऐकलं. तरी माझा पहिला प्रश्न राहिलाच. रात्री दोनला निरोप आला, डिस्क गेली. जाणार कोण? मी इचलकरंजीत, तुम्ही पुण्यात.

ताई : कोणी जायचं नाही. रेड ६ आहे, अजून एक जायची मुभा आहे. सकाळी दहाला वॉर्डबॉय कपाटातली डिस्क घेईल, चार आकडे वाचेल, बदलेल. रात्रीची झोप विकत घ्यायलाच तर आपण चौथी डिस्क घातली. फक्त सकाळी दहाला हे कुणाला तरी माहीत असायला हवं, एवढंच मी पहिल्यापासून म्हणतेय.

अण्णा : कपाटात डिस्क असली तर. वर्षानं तीच डिस्क कुणीतरी सीसीटीव्हीच्या रेकॉर्डरला लावलेली असते.

ताई : मग कपाटातल्या डिस्कचा नंबरही यादीत घालू, तुम्ही एएमसीच्या भेटीला आलात की त्यावर टिक करायची. आणि एक मागणी आहे. सर्व्हर दवाखान्याच्या ताब्यात द्यायच्या आधी, त्यावर रुग्णांचं काही नसताना, चालू सर्व्हरमधून एक डिस्क ओढून बघायची.

अण्णा : नवीन मालातून चालू डिस्क ओढायची?

ताई : त्याशिवाय आपल्याला कसं कळणार, की पहिली गेल्यावर कुणाला कळतं?

अण्णा : बरं. पण ओढणार मी. कुठली, ते तुम्हाला सांगणार नाही, आणि केव्हा तेही नाही. निरोप तुमच्या फोनवर नको, दवाखान्याच्या मॅनेजरच्या फोनवर यायला हवा. त्यांनी मला फोन करून ट्रेवरचे चार आकडे बरोबर सांगितले, तर मी बिल करतो. नाही सांगता आले, तर सर्व्हर माझ्याच दुकानात राहील.